साठ मेल, तीन उत्तरं

एका वाचक संशोधिकेचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी कॉम्प्युटर व्हिजनमध्ये, म्हणजे संगणकाला चित्रं समजावण्याच्या शास्त्रात, पीएचडी करतेय. सहा महिन्यांत प्रबंध सादर होईल. विषय आहे, लेबलं (चित्रात कुठे काय आहे हे माणसाने आखून दिलेल्या खुणा) फार कमी असताना प्रतिमांचं सेगमेंटेशन, म्हणजे चित्रातली प्रत्येक वस्तू पिक्सेलपर्यंत वेगळी आखणं, कसं करायचं. दोन पेपर आहेत, बीएमव्हीसी आणि डब्ल्यूएसीव्ही या व्हिजनच्या परिषदांमध्ये एकेक. सीव्हीपीआर या नावाजलेल्या परिषदेला दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. गेल्या चार महिन्यांत पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधन पदासाठी, साठ प्राध्यापकांना मेल केले. तीन उत्तरं आली, तिन्ही नकाराची. गाइड म्हणतात, 'सीव्हीपीआरचा पेपर होईपर्यंत थांब.' मध्ये एका जीवशास्त्राच्या लॅबची जाहिरात दिसली, त्यांना मायक्रोस्कोपच्या प्रतिमांसाठी माणूस हवाय. तिकडे गेले तर व्हिजनमधून कायमची बाहेर पडेन का? पाठवत असलेला मेल सोबत जोडलाय. – थकलेली संशोधक"

तुमचं पत्र एकदा वाचलं, सोबतचा मेल मात्र चार वेळा. आधी त्या मेलबद्दलच बोलते.

त्याची सुरुवात अशी आहे: "आदरणीय महोदय/महोदया, मी कॉम्प्युटर व्हिजन आणि डीप लर्निंग या क्षेत्रात पीएचडी करत असून आपल्या नामांकित प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. आपलं संशोधन माझ्या आवडीशी तंतोतंत जुळतं." पुढे पदव्या, गुण, येत असलेल्या सॉफ्टवेअरची यादी, आणि शेवटी "जागा असल्यास कृपया कळवावे."

यात खोटं काहीच नाही. पण साठांपैकी एकाला लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं उरलेल्या एकोणसाठ जणांना चालतं, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. मी काही वर्षं अशा मेलच्या दुसऱ्या टोकाला बसले आहे. गटप्रमुखाकडे असे मेल सतत येत असतात. वाचणारा तीन गोष्टी शोधत असतो: या व्यक्तीने आमचं काही खरंच वाचलंय का, आम्ही जिथे अडलोय तिथे हिचा हात लागेल का, आणि हिचा पगार कुठून येणार. तुमच्या मेलमध्ये तिन्हींची उत्तरं नाहीत. तुमच्या कामात दम नाही असा त्या शांततेचा अर्थ लावू नका. तुमचं काम त्या साठांपैकी बहुतेकांपर्यंत पोचलेलंच नाही.

आता हाच मेल तुम्ही त्या जीवशास्त्राच्या लॅबला लिहिताय असं समजा. मी तो असा लिहीन:

"आपल्या गेल्या पेपरच्या शेवटी आपण म्हटलं आहे की पेशी एकमेकींना चिकटून असल्या की मॉडेल त्यांना एकच समजतं. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात हीच अडचण मी रस्त्यावरच्या दृश्यांत हाताळली आहे, तिथे गर्दीतली माणसं अशीच एकमेकांत मिसळतात. आपण खुला केलेला डेटा घेऊन माझी पद्धत चालवून पाहिली. चिकटलेल्या काही पेशी सुटल्या, पण जिथे पेशीचा पडदा फिकट आहे तिथे पद्धत फसते. दोन्ही प्रकारची चित्रं सोबतच्या एका पानावर आहेत. प्रबंध सहा महिन्यांत सादर होईल. त्यानंतर याच प्रश्नावर आपल्या गटात काम करायची इच्छा आहे. आपल्याकडे निधी असलेलं पद आहे का, की एखाद्या फेलोशिपच्या अर्जासाठी आपण यजमान व्हाल?"

एवढंच. पदव्या सीव्हीत असतातच. 'फसते' हा शब्द मुद्दाम ठेवलाय. जिथे आपली पद्धत चालत नाही ते चित्र स्वतःहून दाखवणाऱ्या माणसाबरोबर काम करता येतं, हे कुठलाही अनुभवी गटप्रमुख ओळखतो.

असा एक मेल लिहायला दोन-तीन दिवस जातात. पेपर वाचायचा, त्यातही निष्कर्षाच्या आधीचा, मर्यादांचा परिच्छेद नीट वाचायचा, डेटा उतरवून घ्यायचा, काहीतरी चालवून बघायचं. म्हणजे साठ जणांना लिहिणं शक्यच नाही. आठ-दहा पुरेत. आठवडाभर वाट बघून एकदा आठवण करा, त्यातही उत्तर नाही आलं तर सोडून द्या.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या शेवटी जरा घाबरत विचारलाय. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये गेलात तर व्हिजनमधून बाहेर पडाल का?

माझी पीएचडी रस्त्यावरच्या दृश्यांवर होती आणि पहिलं पोस्टडॉक चेतापेशींच्या प्रतिमांवर. मेंदूच्या ऊतीचे अतिशय पातळ काप, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकामागून एक टिपलेले. पहिल्याच महिन्यात माझं मॉडेल चालवलं, आयओयू (मॉडेलने आखलेला भाग खऱ्या भागाशी किती जुळतो याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९ च्या वर आला. खुशीत ते शेजारी बसणाऱ्या जीवशास्त्रज्ञ बाईंना दाखवलं. त्यांनी माउस हातात घेतला आणि काही न बोलता एकेक काप पुढे सरकवत गेल्या. एका जागी थांबल्या. दोन चेतातंतूंमधली काळी रेघ तिथे फिकट झाली होती, जेमतेम तीन-चार पिक्सेल. तेवढ्याशा फटीतून माझ्या मॉडेलने दोन तंतू एक करून टाकले होते. "इथून पुढे सगळं चूक," त्या म्हणाल्या. "हा तंतू आता भलत्याच पेशीला जाऊन मिळतो."

लाखो पिक्सेलमध्ये तीन-चार पिक्सेलची चूक आयओयूला दिसत नाही. पण कोणती पेशी कोणत्या पेशीला जोडली आहे हेच ज्यांना शोधायचंय, त्यांच्या दृष्टीने तिथून पुढचा नकाशाच खोटा. मग मोजायचं कसं? मॉडेल शिकत असतानाच 'जोड तुटली' किंवा 'जोड चुकीची झाली' हे त्याला कसं सांगायचं? हे प्रश्न व्हिजनचेच आहेत, आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत बसले असते तर मला ते सुचलेही नसते. पुढची दोन वर्षं मी याच प्रश्नावर घालवली आणि त्यातून निघालेले पेपर व्हिजनच्याच परिषदांमध्ये गेले.

हा माझ्या एकटीचा योग नाही. आज सेगमेंटेशन म्हटलं की पहिल्यांदा तोंडात येणारं यू-नेट हे मॉडेल २०१५ साली फ्रायबुर्गच्या गटाने एमआयसीसीएआय या वैद्यकीय प्रतिमांच्या परिषदेत मांडलं. ते घडलं जीवशास्त्राच्या गरजेतून. त्यांनी ज्या स्पर्धेत ते उतरवलं तिथे शिकायला उणीपुरी ३० चित्रं होती, फळमाशीच्या अळीच्या चेतासंस्थेची, ५१२ बाय ५१२ पिक्सेलची. लेबलं कमी, म्हणजे अगदी तुमचाच विषय. सात वर्षांनी शब्दांवरून चित्र बनवणारं स्टेबल डिफ्यूजन आलं तेव्हा त्याच्याही पोटात यू-नेटच होतं.

केटी बोमन यांचं उदाहरणही डोळ्यासमोर ठेवा. एमआयटीतली त्यांची पीएचडी प्रतिमांच्याच विषयातली. जगभर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या अपुऱ्या मोजमापांतून चित्र कसं उभं करायचं, यावरचा त्यांचा पेपर २०१६ च्या सीव्हीपीआरमध्ये आला. पोस्टडॉक मात्र त्यांनी हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या खगोलभौतिकी केंद्रात केलं, इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या मोठ्या चमूचा भाग म्हणून. १० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचं पहिलं चित्र जाहीर झालं आणि त्याच वर्षी त्या कॅलटेकमध्ये प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या.

शेजारच्या शास्त्रांत अशी अडलेली कामं किती आहेत बघा. सेंटिनेल-२ उपग्रह पृथ्वी १३ वर्णपट्ट्यांमध्ये टिपतो आणि सगळा डेटा फुकट देतो. आपली तयार मॉडेल्स बहुतेक लाल, हिरवा, निळा या तीनच पट्ट्यांवर शिकलेली. उरलेल्या दहांचं काय करायचं? जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांवर शिकवलेलं मॉडेल नवीन जागी कॅमेरा हलवला की गोंधळतं, कारण ते प्राण्याइतकंच मागचं झुडूपही शिकलेलं असतं. गोठवलेल्या रेणूंची चित्रं टिपणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीला २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तिथे तर प्रत्येक चित्र गोंगाटात बुडालेलं असतं आणि हजारो चित्रं जुळवून एक रेणू उभा करावा लागतो. या लॅबमध्ये डेटा असतो, प्रश्न असतो, अनेकदा पैसाही असतो. कमी पडतं ते तुमच्यासारखं माणूस. उलट नावाजलेल्या व्हिजन गटाच्या दारात तुमच्यासारखे शंभर उभे असतात.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो लपवणार नाही. काही लॅबना संशोधक नको असतो, सॉफ्टवेअर चालवून देणारा हात हवा असतो. तिथे गेलात तर दोन वर्षं इतरांच्या पेपरमध्ये तुमचं नाव मधे कुठेतरी येत राहील. हे मुलाखतीतच ओळखता येतं. विचारा: "माझं पद्धतीवरचं काम व्हिजनच्या परिषदेत पहिल्या लेखकाच्या नावाने पाठवता येईल का?" उत्तर लगेच आणि स्पष्ट आलं तर ठीक. "बघू, आधी डेटा तर संपवू" असं आलं तर जपून. लॅबमध्ये संगणनाचं आणखी कुणी आहे का, की तुम्ही एकट्याच असाल, हेही पाहा. एकटं पडणं दिसतं त्यापेक्षा जड जातं. म्हणून हायडलबर्गचं ईएमबीएल किंवा व्हर्जिनियातलं जनेलिया यांसारख्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्था, जिथे मायक्रोस्कोपवाले आणि अल्गोरिदमवाले एकाच छताखाली काम करतात, अशा प्रवासासाठी उत्तम.

अशा लॅब शोधायच्या कुठे? सीव्हीपीआर, आयसीसीव्ही, ईसीसीव्ही या व्हिजनच्या परिषदांच्या मुख्य कार्यक्रमापेक्षा त्यांच्या कार्यशाळांचे कार्यक्रम उघडा. उपग्रह प्रतिमांसाठी अर्थव्हिजन, मायक्रोस्कोपीसाठी सीव्हीएमआय, प्रजाती ओळखण्यासाठी एफजीव्हीसी. आयोजकांची आणि निमंत्रित वक्त्यांची नावं हाच तुमचा नकाशा.

गाइडबद्दल. त्यांचा सल्ला काळजीपोटी आलाय आणि सगळा चुकीचाही नाही. काही मोठ्या व्हिजन गटांत सीव्हीपीआरचा पेपर नसेल तर अर्ज बाजूला पडतो. पण थांबणं हा उपाय नव्हे. २०२४ ला सीव्हीपीआरकडे ११,५३२ पेपर आले, २,७१९ घेतले. २०२५ ला १३,००८ आले, २,८७८ घेतले. चार-पाचांत एक. नोव्हेंबरमध्ये पाठवा, फेब्रुवारीअखेर निकाल, नाकारला तर पुढची परिषद, पुन्हा काही महिने. तोवर तुमची शिष्यवृत्ती संपेल. पेपर पाठवत राहा, शोध त्याच्यासाठी थांबवू नका. गाइडशी वाद घालायची गरज नाही, त्यांना एवढंच सांगा: "मी दोन्ही करतेय, मला तुमचं शिफारसपत्र महिनाभर आधी लागेल." आणि पत्र मागताना एक पानाचं टिपण द्या: कुठे अर्ज करतेय, तिथे काय अडलंय, माझ्या कुठल्या कामाबद्दल तुम्ही लिहिलंत तर उपयोग होईल. हे न दिल्याने "हुशार आणि मेहनती" एवढ्यावर संपलेली पत्रं मी पाहिली आहेत. ती अर्जदाराचं नुकसान करतात.

आता पैसा. पोस्टडॉकचं पद जाहिरातीत जन्माला येत नाही, ते ग्रँट मंजूर होते त्या दिवशी जन्माला येतं. जाहिरात काही महिन्यांनी येते, आणि कधी कधी तोवर गटप्रमुखाच्या मनात एखादं नाव आलेलं असतं. म्हणून ग्रँटच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. युरोपियन रिसर्च कौन्सिलची स्टार्टिंग ग्रँट म्हणजे पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत रक्कम, आणि तिचे निकाल साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला लागतात. त्या यादीतल्या माणसाला आता गट उभा करायचा असतो. तेव्हा, त्या आठवड्यांत, नेमका मेल आला तर तो वाचला जातो. युरोपच्या प्रकल्पांसाठी कॉर्डिस, ब्रिटनसाठी गेटवे टू रिसर्च, अमेरिकेत वैद्यकीय विषयांसाठी एनआयएच रिपोर्टर आणि बाकीसाठी एनएसएफचा अवॉर्ड सर्च. या सगळ्या खुल्या याद्या आहेत. 'सेगमेंटेशन', 'मायक्रोस्कोपी' असे शब्द टाका, प्रकल्प कधी सुरू झाला ते पाहा. नुकताच सुरू झालेला असेल तर पैसा आहे, सहा महिन्यांत संपणार असेल तर नाही. जाहीर झालेल्या पदांसाठी युरॅक्सेस आणि ब्रिटनचं जॉब्स डॉट एसी डॉट यूके पाहत राहा, फ्रान्सची इनरिया आणि जर्मनीतल्या माक्स प्लांक या संशोधन संस्थांची स्वतःची पानंही.

दुसरा मार्ग स्वतःची फेलोशिप. यजमानाला तुमचा पगार द्यावा लागत नाही, म्हणून "आमच्याकडे निधी नाही" म्हणणारा माणूसही इथे हो म्हणू शकतो. मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपची मुदत दरवर्षी साधारण सप्टेंबरमध्ये असते, आणि अनेक विद्यापीठं वसंत ऋतूतच इच्छुकांना बोलावतात. तिची अट नीट वाचा: मुदतीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. म्हणजे तुम्ही ज्या देशात पीएचडी करताय तिथेच राहायचं असेल तर हा मार्ग तूर्त बंद. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप वर्षभर कधीही अर्ज घेते, ६ ते २४ महिन्यांसाठी, पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात लक्षपूर्वक पाहावी अशी म्हणजे ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप, ३ वर्षांची. संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र वगैरे विषयांतून जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठीच ती आहे. ज्या उडीची तुम्हाला भीती वाटतेय, त्या उडीसाठी कुणीतरी वेगळे पैसे काढून ठेवले आहेत. फक्त या सगळ्यांत अर्जापासून रुजू होईपर्यंत बराच काळ जातो, तेव्हा ग्रँटवरच्या पदांचा शोध शेजारी चालू ठेवा.

व्हिसाचं वेळेवर बघा. ब्रिटनमध्ये काही देशांच्या नागरिकांना या विषयात संशोधनासाठी एटीएएस नावाची सुरक्षाविषयक सरकारी मंजुरी लागते, ती आल्याशिवाय व्हिसाचा अर्जच होत नाही. रुजू होण्याची तारीख ठरवताना हे आठवडे धरा.

होकार आला की आनंदाच्या भरात लगेच सही करू नका. माझ्या एका पदावर तोंडी "दोन वर्षं" ठरलं होतं. करारात एक वर्ष होतं, पुढचं "निधी असल्यास". मी ते वाचलं होतं, पण विचारायला संकोच वाटला. दहाव्या महिन्यात कळलं की प्रकल्पाचा पैसा संपलाय. सामान बांधताना प्रयोग अर्धवट राहिले, आणि ते पुढे कुणीच पूर्ण केले नाहीत. आजही त्याची हळहळ वाटते. तेव्हा लेखी विचारा: पगार कुठल्या ग्रँटमधून, ती कधी संपते, मुदतवाढ कशावर अवलंबून. जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणाऱ्या वेगवान चिप) कुणाचे, किती, आणि रांगेत किती जण. जाताना कोड आणि कल्पना बरोबर नेता येतील का. आणि त्या गटातून आधी गेलेल्या एका तरी पोस्टडॉकशी फोनवर बोला. मेलवर लोक सांभाळून लिहितात, बोलताना खरं सांगतात.

त्या जाहिरातीची मुदत तुम्ही कळवलेली नाही. अजून पंधरा दिवस असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्या लॅबचा खुला डेटा शोधा. नसेल तर सरळ लिहून पाच-सहा चित्रं मागा. अर्जाआधी चित्रं मागणारे फार थोडे असतात. तुमची पद्धत त्यावर आहे तशी चालवा, काही सुधारत बसू नका. जिथे फसेल ती जागा मोठी करून पानावर लावा आणि खाली एका ओळीत लिहा की ती का फसली असं तुम्हाला वाटतं. मुलाखत झालीच तर पहिली वीस मिनिटं त्या एका चित्रावर जातील. ते पान तयार झालं की मला पाठवा, मी वाचून देईन.